ती पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हे कसं कळलं?

प्रश्न : हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं ऐकतो. पण सूर्यातली ती पिवळी रेषा मिठातल्या सोडियमची नव्हे, हे कसं ठरलं? घरी डीव्हीडीच्या तुकड्यातून मिठाची ज्योत पाहिली, तर एकच जाड पिवळा पट्टा दिसतो.

उत्तर : इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी जिथून ग्रहण पाहिलं असं सांगतात, ते विजयदुर्गाचे ‘साहेबाचे कट्टे’ जरूर पाहा, पण १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणावेळी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. सौरज्वालांच्या, म्हणजे सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या तप्त वायूंच्या, तेजस्वी रेषा गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी पाहिल्या. लॉकियरना त्या २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच दिसल्या.

सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर पडतात, सूर्यातली ही पिवळी रेषा ५८७.६वर. शिवाय साध्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात सोडियमच्या जागी, प्रकाश शोषला गेल्यामुळे, काळ्या रेषा असतात, ५८७.६वर मात्र काहीच नसतं. ही रेषा शोषायची तर हेलियमचा अणू आधीच सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं एकक) इतक्या वरच्या ऊर्जेवर चढलेला हवा, आणि सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाच्या तापमानाला असे अणू जवळजवळ नसतातच. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून.

आता तुमचा पट्टा. दोष बहुधा ज्योतीचा प्रकाश ज्या फटीतून तुकड्यावर येतो, तिचा. डीव्हीडीच्या दोन खाचांत ७४० नॅनोमीटर अंतर असतं. फट अर्ध्या मिलिमीटरची आणि तुकड्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर प्रत्येक रेषा सुमारे १.२ नॅनोमीटर रुंद दिसते; मग ०.६ अंतरावरच्या जोडीचा एकच पट्टा होणारच. दाढीच्या दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर लावा, मध्ये झेरॉक्सचा कागद धरून चिकटवा आणि कागद काढून घ्या : फट ०.१ मिलिमीटर. डीव्हीडीच्या दोन चकत्या ब्लेडने सुट्या करा, चकाकणारा थर चिकटपट्टीने उचला आणि पारदर्शक चकतीचा कडेजवळचा तुकडा घ्या. तिथे खाचा कमी वाकलेल्या असतात. खाचा फटीला समांतर हव्यात, नाहीतर रेषा तिरकी पसरते. फटीतून येणारा प्रकाश तुकड्यावर सरळ पाडून सुमारे ५३ अंशांच्या कोनातून पाहा.

मीठही बेतानं. स्टीलच्या चमच्याच्या कडेला मिठाचं पाणी लावून गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. ज्योत मिठानं भरून गेली की सोडियमची वाफ स्वतःचाच प्रकाश शोषते आणि रेषा पसरते. उच्चदाबाच्या पिवळ्या पथदिव्यात तर याची कमाल असते : ५८९वर, जिथे उजेड असायला हवा, तिथेच काळी खाच दिसते.