कॉफी आणि शेंगदाणे चालतील, बेदाणे मात्र मोजून

तुमचा प्रश्न असा: मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, सांगलीत राहता, संध्याकाळी कॉफीबरोबर शेंगदाणे-बेदाणे खायची सवय आहे, ती सोडावी का?

माझ्या मते सोडू नका, पण बशीतला एकेक जिन्नस वेगळा करून बघा. शेंगदाण्याने साखर फार हळू चढते. ३० ग्रॅम दाण्यांत, म्हणजे लहान मूठभरात, कर्बोदकं पाचेक ग्रॅम. बाकी मुख्यतः तेल आणि प्रथिनं. बेदाणा म्हणजे वाळवलेलं द्राक्ष. तासगावचा कितीही उत्तम असला तरी ३० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम साखर आलीच. एकत्र कालवून खाल्लं की हात थांबत नाही, म्हणून आठ-दहा बेदाणे मोजून घ्या आणि डबा आत ठेवा. भडंगातही दाणे दिसतात, पण त्यात जास्त वाटा चुरमुऱ्यांचा, आणि चुरमुऱ्यांनी साखर भराभर चढते. चिक्की नकोच, गुळानेही साखर तशीच वाढते.

दाणे सालासकट, मंद आचेवर कोरडे भाजा. बीपी असेल तर खारे दाणे टाळा. पावसाळ्यात दमटपणाने बुरशी धरते. कडवट, सुरकुतलेला दाणा फेकून द्या, कारण बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. आणि मूठभर दाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात, तेव्हा त्या दिवशी दुसरं खाणं तेवढं कमी करा.

आता कॉफी. १५० मिली नुसत्या दुधाची, दोन चमचे साखर घातलेली कॉफी म्हणजे जवळपास १७ ग्रॅम कर्बोदकं. तीच ६० मिली दूध, बाकी पाणी आणि साखर न घालता केली तर तीनच ग्रॅम. मशीनच्या कॉफीच्या पावडरीत बहुधा साखर आधीच असते, विचारून घ्या. मात्र कॅफिनमुळे काहींच्या शरीरात इन्सुलिनचं काम थोडा वेळ मंदावतं, त्यामुळे बिनसाखरेच्या कॉफीनेही आकडा वाढू शकतो. तुमचं काय होतं ते ग्लुकोमीटरच सांगेल. एक दिवस नुसते दाणे, दुसऱ्या दिवशी तेवढेच दाणे आणि कॉफी; दोन्ही दिवशी दुपारचं जेवण सारखं. खाण्याआधी आणि दोन तासांनी तपासा. त्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, बेदाण्याचा चिकटा बोटाला राहिला तर आकडा खोटा, जास्त येतो. कॉफीने झोप उडत असेल तर वेळ अलीकडे घ्या. अपुऱ्या झोपेनेही साखर बिघडते.

एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना घाम, थरथर सुटली आणि साखर ७० च्या खाली आली, तर तेव्हा दाणे देऊ नयेत. त्यांतल्या तेलामुळे साखर चढायला उशीर लागतो. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि आकडा वर आल्यावर मगच दाणे.