गाणं ऐकून जे वाटतं ते अक्षरांतून कसं दाखवायचं?

तुम्ही लिहिलंय की विरहाच्या गाण्यासाठी निळा रंग घेतला, थेंब गळणारी अक्षरं केली, तरी शेवटी ते सिनेमाचं पोस्टरच दिसतं. दिसणारच. उदास गाणं म्हणून उदास दिसणारी अक्षरं काढायला गेलं की असंच होतं. त्यापेक्षा गाणाऱ्याचा आवाज कुठे लांबतो, कुठे अडतो, कुठे घाई करतो तेवढंच काढा. भावना मागून येते.

मी जळगावात अक्षरं रंगवतो. लग्नपत्रिका, बँडच्या गाड्या, दुकानांच्या पाट्या. हौशीचं काम वेगळं. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. झोका वर गेला की ओळीतला शेवटचा स्वर लांबतो, परत येताना पुढचे शब्द भरभर येतात. ते उतरवताना मी झोका काढला नाही, अक्षरं तिरकीही केली नाहीत. स्वर लांबतो तिथे शिरोरेषा तशीच पुढे ओढली, खाली अक्षर नाही. परतीचे शब्द दाटीवाटीने एकमेकांना चिकटवले. देवनागरीत ही सोय फुकट मिळालीय, शिरोरेषा म्हणजे आयती सुराची रेघ!

जात्यावरच्या ओवीत उलटं. खुंटा ओढताना जोर लागतो, श्वास तुटतो, कधी कधी शब्दाच्या मध्येच. तिथे शिरोरेषा तोडायची. आसोद्याच्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता येत नव्हतं; त्यांची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी उतरवून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. शब्द टिकले, पण दळतानाचा दम छापील ओळीत कसा दिसणार? तुम्हाला जे करायचंय त्याची जागा नेमकी तिथे आहे.

एखादं भातखंडे पद्धतीचं स्वरलिपीचं, म्हणजे गाण्याचे स्वर खुणांनी लिहून दाखवणारं, पुस्तक मिळवा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारसप्तकाला (वरच्या सप्तकाला) वर टिंब, शब्दातला स्वर लांबला की अवग्रह (ऽ), मींड असेल, म्हणजे आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेला, तर वरून कमान. या खुणा शिकवण्यासाठी आहेत, त्यामुळे जशाच्या तशा उचलू नका. पण आवाज कागदावर कसा बसवतात ते त्यातून कळतं.

आता कॉम्प्युटरवर. आधी कागदावर, बोरूने किंवा जाड ब्रशने, फक्त काळ्या शाईत करा. रंग हाताशी असला की अक्षराचं काम आपण रंगावर ढकलतो (माझं मत, पटेलच असं नाही). मग कोरल ड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटने ओळ टाइप करून कर्व्हमध्ये (अक्षराऐवजी नुसत्या आकारात) बदला, म्हणजे मात्रा, वेलांटी, रफार सुटे करून हलवता येतात. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. पत्रिकेत ती चूक धरतात, इथे तेच हत्यार. विंडोजमधला मंगल फाँट घडवणाऱ्या र. कृ. जोशींनी अक्षरांच्या रचनेतूनच कविता केल्या. सापडल्या तर जरूर बघा. शिस्तीचा फाँट करणारा माणूस अक्षर किती मोकळं सोडतो ते दिसेल.

वाचता आलं पाहिजे का? निदान गाणं माहीत असलेल्याला तरी. त्याच्या हातात कागद द्या आणि मोठ्याने म्हणायला सांगा. तो भलत्याच ठिकाणी थांबला तर तेवढीच जागा दुरुस्त करा.

गाणं कोणतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. धृपदाची चाल कळली तर कुठे ओढायचं, कुठे तोडायचं ते सांगतो.