अलाइनमेंट, संरेखन आणि सूत

नाशिकच्या कॉलेज रोडवर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ खेळणाऱ्या एका मंडळाने प्रश्न पाठवलाय. पात्राच्या कागदावर ते नियम मानणारं की न मानणारं, भलं की दुष्ट हे सांगणारा 'अलाइनमेंट' असा एक रकाना असतो, त्याला मराठीत काय म्हणावं? एकाने 'संरेखन' सुचवलंय, दुसऱ्याने 'स्वभाव'. शिवाय त्यांच्यातला एक गडी चोराचं पात्र घेतो, आपल्याच सोबत्यांच्या थैलीतली सोन्याची नाणी लांबवतो आणि जाब विचारला की म्हणतो, "माझी अलाइनमेंटच केऑटिक न्यूट्रल आहे, त्याला मी काय करू?"

'संरेखन' आधी काढून टाका. नाशिक-पुणे रेल्वेचा मार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे अडला, तेव्हापासून हा शब्द येताजाता कानावर आदळतोय. 'आखणी' हा चांगला नांदता शब्द घरात असताना! रस्त्याची आखणी म्हटलं की जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यालाही कळतं. गॅरेजवाला 'अलाइनमेंट काढून देतो' म्हणतो, तेही कळतं. 'संरेखन' फक्त कागदाला कळतं.

'स्वभाव' कळतो, म्हणून तो जास्त घातक आहे. मराठीत स्वभाव आला की त्याच्यामागून 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण येतेच. तुमच्या चोराला नेमकी तीच पळवाट हवी आहे. आणि या खेळातल्या अलाइनमेंटचा उगम स्वभावात नाहीच. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा 'चेनमेल' हा सैन्यांच्या लढाईचा खेळ 1971 चा. त्यात कोणता प्राणी 'लॉ'च्या म्हणजे नियमाच्या बाजूने उभा राहणार, कोणता 'केऑस'च्या म्हणजे बेबंदपणाच्या, आणि कोण मध्ये, याची यादी दिली होती आणि तिला नाव होतं 'लाइन-अप'. 1974 साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तेव्हाही तेच तीन गट होते. भल्या-दुष्टाची दुसरी फूटपट्टी त्यात मागाहून मिळवली आणि 1978 च्या नियमपुस्तकात तीन त्रिक नऊ घरं झाली. मुळात प्रश्न एवढाच होता की रांग लागली तर तू कुठे उभा राहणार.

आता रांग, म्हणजे 'लाइन'. इथे खरी मजा आहे. इंग्रजीतला हा शब्द लॅटिन 'लिनेआ'वरून आला आणि 'लिनेआ' म्हणजे धागा, 'लिनम'पासून काढलेला. 'लिनम' म्हणजे जवस! ज्याची चटणी आपण भाकरीवर घेतो, त्याच झाडाच्या खोडातून धागा निघतो, तो ताणला की रेघ सरळ येते. अलाइनमेंट म्हणजे शब्दशः धाग्यावर आणणं. यासाठी आपल्याकडे शब्द शोधायला लागूच नये. सूत!

गवंडी भिंतीच्या दोन टोकांना सूत ताणतो आणि विटांचा थर त्याच्या अंगाने लावत जातो. एखादी वीट पुढे आली की सुताला पोट येतं, लांबूनही दिसतं. सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, तो ग्रिलसाठी चार सुती गज सांगेल, म्हणजे अर्धा इंच, कारण इंचाचे सूत आठ. दोघांचं बरं जमत असेल तर त्यांचं 'सूत जमलं', एखाद्याला वठणीवर आणायचं तर 'सुतासारखा सरळ' करायचा. मोजमाप, सरळपणा, कोणाशी जुळतं हे सगळं या दोन अक्षरांत आहे, आणि अलाइनमेंटच्या रकान्यालाही हेच तीन अर्थ हवे आहेत.

सुतार हा शब्दही इथलाच, 'सूत्रधार' वरून आलेला. काही विद्वान तो 'सूत्रकार' वरून काढतात. त्यांनी मला गुजराती-राजस्थानीतला 'सुथार' समजावून सांगावा. त्या 'थ'मधला 'ह'कार 'कार'मधून कुठून निघाला? 'धार'चा 'हार' होतो, प्राकृतात 'सुत्तहार' होतो आणि तो 'ह' मागच्या 'त'ला चिकटून 'थ' होतो. मराठीने 'ह' गाळला, गुजरातीने सांभाळला. शेजारच्या भाषेकडे न बघता मराठीची व्युत्पत्ती सांगायला बसलं की असं होतं.

आणि नाटकातला सूत्रधार? तो मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या ओढणारा, हे मत जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी मांडलं आणि आजही भाषणांत ते सिद्ध झाल्यासारखं फेकलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय उघडा. नाट्यगृहाची जागा सुताने मोजायची, ते सूत कापसाचं, बल्बज गवताचं, मुंजाचं किंवा झाडाच्या सालीचं असावं आणि तुटणारं नसावं, असं तिथे बजावलंय. मोजताना ते निम्म्यावर तुटलं तर यजमानाचा मृत्यू, चौथ्या भागावर तुटलं तर प्रयोग करणाऱ्याचा नाश! एका दोरीची इतकी काळजी घेणाऱ्या परंपरेत ती दोरी हातात धरणारा माणूस समोर असताना बाहुल्यांकडे धाव कशाला घ्यायची? सूत्रधार आधी जागा मोजणारा, मग खेळ चालवणारा. तुमच्या टेबलावर पडद्याआड नकाशा मांडून, चौकटी मोजत बसलेला, खेळ चालवणारा जो डंजन मास्टर आहे, त्याला सूत्रधार म्हणा. त्याच्याइतका तंतोतंत सूत्रधार आजच्या नाटकातसुद्धा उरलेला नाही.

तर रकान्याचं नाव 'सूत'. 'तुझ्या पात्राचं सूत कुठलं?' असं विचारून बघा, जिभेवर बसतं. पुढच्या जोडशब्दांपैकी भला आणि दुष्ट यांत अडायचं कारण नाही. 'लॉफुल'ला मात्र 'कायदेशीर' म्हणू नका, 'कायदेशीर भला' म्हणजे वकिलाची पाटी वाटते. 'नेमस्त' घ्या. लोक त्याला 'मवाळ' समजतात, ते काँग्रेसच्या जुन्या राजकारणामुळे, पण त्यात 'नेम' स्वच्छ ऐकू येतो. 'केऑटिक' म्हणजे स्वैर. 'न्यूट्रल' म्हणजे तटस्थ, तटावर उभा असलेला. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं ते बघायला होळकर पुलावर गर्दी होते, ती तटस्थ. तिथे उभं राहून बघतात. वाहून चाललेल्याच्या खिशात हात घालत नाहीत.

तुमच्या चोराला हे सांगा. 'स्वैर' म्हणजे कोणाचा हुकूम न मानणारा, सोबत्याची थैली कापणं त्यात आपोआप येत नाही. सूत भिंतीला वाकडं जायला भाग पाडत नाही, भिंत कुठे वाकडी गेली एवढंच दाखवतं. 1979 च्या सूत्रधारासाठीच्या नियमपुस्तकात गायगॅक्सने हेच लिहिलंय: पात्र कसं वागतंय याची नोंद सूत्रधाराने ठेवावी, वागणं सरकत सरकत दुसऱ्या घरात गेलं तर अलाइनमेंट बदलावी आणि वर पात्राने कमावलेली एक लेव्हल, म्हणजे एक पायरी, कापून घ्यावी. आधी वागणं, मग रकाना. पुढच्या आवृत्त्यांनी हा दंड सोडला, 2008 मध्ये तर नऊ घरांची पाचच केली आणि 2014 मध्ये पुन्हा नऊवर आले. दंड सोडला, ही माझ्या मते चूक झाली. तुमच्या सूत्रधाराने तो पुन्हा लावावा, आणि चोरलेली नाणी थैलीत परत पडेपर्यंत चोराला पुढची लेव्हल देऊ नये.