नॅनोट्यूबचा पहिला गॅस सेन्सर करताना

सुरुवात पॅलॅडियम हा धातू लावलेल्या नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि हायड्रोजनपासून करा. हायड्रोजनचे रेणू पॅलॅडियमवर फुटतात, इलेक्ट्रॉन नळीत सरकतात, तिथे करंट वाहून नेणारे धन वाहक (होल) त्याने घटतात आणि नळीचा विद्युत रोध वाढतो. मीटरवर हे स्वच्छ दिसतं, हुरूप येतो.

बहुतेक नवखे धातू जास्त लावतात. धातूचे कण सुटे असायला हवेत! ते जुळून सलग थर झाला की करंट धातूतूनच धावतो, नळ्यांना कामच उरत नाही.

आणखी तीन गोष्टी:
- रोध स्थिर झाल्याशिवाय वायू सोडू नका.
- ओलाव्यानेही रोध हलतो; आधी नुसती कोरडी हवा सोडून बघा.
- धातू न लावलेल्या नळ्यांचा नमुना सोबत मोजाच.

हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो, म्हणून त्याहून कमी हायड्रोजन असलेलं तयार सौम्य मिश्रणच वापरा. प्लॅटिनम, सोनं नंतर बघू.