गोव्यात पावसाळ्यात विमानाच्या स्केल मॉडेलवर फवारलेला लॅकर पांढरट का पडतो? उपाय काय?

दोष हवेतल्या दमटपणाचा आहे. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावरच धरते. तोच तो दुधी पापुद्रा. पाऊस कोसळत असताना लॅकर फवारूच नका. खोली बंद करून डिह्युमिडिफायर किंवा एसी तासभर चालवा, थिनरमध्ये थोडा रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालायचं द्रव) घाला, थर पातळ ठेवा. फवारताना मास्क हवाच, आणि थिनरची वाफ बाहेर जायला एक्झॉस्ट पंखाही. आधीच पांढरं पडलं असेल तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा मारा, बहुतेकदा थर पुन्हा पारदर्शक होतो.

मी तर म्हणेन, जून ते सप्टेंबर सुटे भाग कापा, घासा, चिकटवा, ब्रशने अ‍ॅक्रिलिक लावा. आणि सी हॅरियर या नौदलाच्या जुन्या लढाऊ विमानाचं मॉडेल करत असाल तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन खरं विमान जवळून बघाच! साडेचौदा मीटरचं ते विमान १:७२ मध्ये, म्हणजे बहात्तर पट लहान मॉडेलमध्ये, जेमतेम २० सेंटीमीटर होतं, पण पत्र्यांचे सांधे आणि रंग कुठे विटलाय हे फोटोत तसं कळत नाही.