पहिली नाइटची (मध्ययुगीन युरोपातल्या घोडेस्वार योद्ध्याची) तलवार घेताना

मित्रा, चकाकी बघून पैसे देऊ नकोस. आधी वजन विचार. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक तेराव्या-चौदाव्या शतकातली तलवार आहे, १८२५ साली विथम नदीत सापडलेली. लांबी सुमारे ९६ सेंटिमीटर, वजन अवघं १.२ किलो. तिची प्रतिकृती म्हणून कुणी अडीच किलोचं धूड दाखवलं, तर हात जोडून निघ.

मग पातं सपाट बाजूंनी चिमटीत धर आणि मुठीपासून टोकाकडे बोटं सरकव. जाडी कमी कमी होत गेली पाहिजे. सगळीकडे सारखीच असेल तर तलवार टोकाकडे जड पडते, मनगट भरून येतं.

पात्याचा शेपटा मुठीतून आरपार जाऊन शेवटी ठोकून बसवलेला हवाच. माझ्या पहिल्या तलवारीत तिथे बारीक सळई वेल्ड केलेली होती. फिरवताना पातं निसटलं, थेट भिंतीवर आदळलं. पुतणी शेजारच्या खोलीत होती. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

विथमच्या पात्यावर सोन्याच्या तारेने जडवलेली अक्षरं आहेत, अर्थ अजून कुणाला उलगडलेला नाही. काय देखणी दिसतात ती! प्रतिकृतीत ती नुसती छापलेली नाहीत ना, तेवढं बघ. आणि हाताळून झाली की घाम पुसून तेलाचा हात फिरव. कार्बन स्टीलला पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही.