हत्यार कुठलं, हा दुसरा प्रश्न

प्रिय बाय,

कुडाळचं दुकान बंद करून रात्री स्कूटरने वेंगुर्ल्याला एकटी परततेस, सोबत कधी दागिने, कधी रोकड. तेव्हा पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा विचार मनात येणं साहजिक आहे. पण कुठलं हत्यार घेऊ, हे विचारायच्या आधी मला एक सांग: दर आठवड्याला सरावाला वेळ काढशील? काढणार नसशील तर घेऊच नकोस. बिनसरावाच्या हातातून ते हिसकावून घेणं फार सोपं असतं.

निवडीला तसा फारसा वाव नाही. 9 मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी) येतं, सर्वसाधारण नागरिकाला ते मिळत नाही. मुख्यतः .32 इंची बोअर उरतं, आणि त्यात मी रिव्हॉल्व्हर घे म्हणेन. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढलं तरी नळीमागच्या चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते. नवखी माणसं नेमकी तिथेच फसतात. रिव्हॉल्व्हरचं फिरतं सिलिंडर उघडलं की गोळ्यांची सगळी घरं डोळ्यांसमोर. एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढचं घर आपोआप समोर येतं. मात्र हा ट्रिगर जड असतो. नळी न हलता तो तुझ्या बोटाने ओढला जातो का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. 2014 साली महिलांसाठी म्हणून आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोचं आहे. पर्समध्ये ते छान मावतं, पण हलक्या हत्याराचा धक्का मनगटाला जास्त बसतो.

घरची ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आहे, माकडं-डुकरांसाठी. ती यात धरू नकोस.

सराव आजपासून सुरू करता येईल. .177 च्या साध्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, नळी कायम सुरक्षित दिशेला, हातात घेतलं की आधी उघडून बघायचं. या सवयी अंगात भिनू देत. हल्ला झालाच तर तो चार-पाच पावलांवरून होईल, म्हणून लांबच्या नेमाचा हट्ट नको. आणि स्कूटर पळवता येत असेल तर पळव. पाठ फिरवलेल्या चोरावर गोळी झाडायची नाही. बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायची मुभा भारतीय न्याय संहितेचं 37वं कलम देत नाही.

आपल्याकडची खारी हवा लोखंडाला टिकू देत नाही. चामडी म्यानात ओल धरते, तेव्हा घरी आल्यावर ते म्यानात ठेवू नकोस. पावसाळ्यात तर रोज तेलाचं फडकं फिरव. मला खरी काळजी आहे ती चतुर्थीची. मुंबईची सगळी पोरं घरात, कपाटं उघडी, कोण कुठे हात घालील सांगता येत नाही. भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी पेटी घे, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेव आणि किल्ली तुझ्याजवळच राहू दे. हे जमत नसेल तर माझा या खरेदीला विरोध आहे.

अर्जासोबत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज द्यायला ओरोसच्या जिल्हा मुख्यालयात जायच्या आधी माझ्याकडे ये. एअर पिस्तूल आहे, ते धरून बघ. रोजची पर्स आणि स्कूटरही आण. बसल्या जागेवरून ते बाहेर काढायला तुला किती वेळ लागतो ते बघू.

तुझा काका